टेबलरावानं टेबल वाकवलं

बुफेमध्ये अन्न कुठं ठेवलंय हे माणूस नंतर बघतो, आधी तो ताटल्या शोधतो. ताटल्या जिथं, तिथून रांग. हे टेबलरावाचं तत्त्वज्ञान. त्याच्याकडे एवढं एकच होतं, पण पक्कं होतं.

"काकू," तो मला म्हणायचा, "माणसाला रिकाम्या हातानं उभं राहता येत नाही. कावराबावरा होतो बिचारा. हातात ताटली द्या, की शहाण्यासारखा चालायला लागतो."

हे ज्ञान पाजळणाऱ्याची स्वतःची अवस्था काय होती? हातात चमचे, फडकं, झाकण, काहीही असलं की गडी पोपटासारखा बोलायचा. हात रिकामे झाले की तोंडात मूग. त्याच्या जिभेची किल्ली त्याच्या बोटांत होती, असं मी सगळीकडे सांगत असे. खरं तेच सांगत असे.

माझ्या खिडकीसमोरच तो समारंभांचा हॉल आहे. लांबट. एका बाजूला उंच खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला भिंतभर आरसा. दुपारचं ऊन खिडक्यांतून आत उतरलं, की पांढऱ्या चादरी घातलेलं ते लांबच लांब टेबल जमिनीवर टेकलेलं आहे असं वाटतच नाही. ते तरंगतं. भांड्यांच्या खाली छोटे दिवे मिणमिणत असतात, झाकणाच्या कडेनं वाफेची एक बारीक रेघ वर जाते, आणि आरशात तसंच दुसरं टेबल, दुसरे दिवे, दुसरी वाफ. मी खांबाजवळच्या खुर्चीत बसते. गावात कुणाकडेही काही असलं तरी मला बोलावणं असतंच, कारण बोलावलं नाही तर मी काय बोलेन याची लोकांना धास्ती. खांबाजवळ बसलं की सगळं टेबल दिसतं, आणि जेवणानंतर डुलकी आली तर मान टेकायला खांब असतो. अर्धं जग मी त्या डुलकीतून पाहिलंय. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्यात कुठं वाफ जास्त झाली असेल, तर ती माझ्या डोळ्यांतली समजा.

टेबलराव मांडणीवाला. स्वयंपाक आचाऱ्याचा, हॉल मालकाचा, पण कुठलं भांडं कुठं बसणार हे ठरवायचं टेबलरावानं. ही विद्या तो चौकातल्या एका मोठ्या हॉटेलात शिकला होता. तिथं सुटीच्या दिवशी 'हवं तेवढं खा' अशी पाटी लागायची. हवं तेवढं कुणीच खात नसे, खाऊ दिलंच जात नसे. सुरुवातीला सूप. मग पाव, मऊ, गरम, लोणी लावलेले. मग उकडलेले बटाटे. भाताला डाव केवढा, तर बाळाला अंघोळ घालता येईल एवढा. आणि भाजलेली कोंबडी सगळ्यात शेवटी, तिच्यावर चिमटा असा की एका वेळी एकच तुकडा धरेल तोही घसरत. ताटल्या मुद्दाम बशीच्या थोरल्या बहिणीएवढ्या. गिऱ्हाईक कोंबडीपाशी पोचेपर्यंत त्याच्या ताटलीत जागा उरलेली नसे आणि पोटात हिंमत. तरी जाताना म्हणायचं, "आज अगदी वसूल केलं!"

आमच्या हॉलमध्ये येणारी माणसं तर मला तोंडपाठ. एक जण आधी मागे हात बांधून टेबलाची पाहणी करून येतो, घर भाड्यानं घ्यायचंय असा. एक बाई "मला मेलीला भूकच नाही" म्हणून काकडीच्या दोन चकत्या घेते आणि मग तीनदा येते, दर वेळी वेगळ्या बाजूनं. एकाची ताटली म्हणजे डोंगर, पायथ्याला भात आणि शिखरावर पापणी न लववता ठेवलेला केक. आणि एक तरी महाभाग मटारच्या भांड्यासमोर उभा राहून जुन्या मित्राशी असा गप्पा मारतो, की मागची रांग थेट दारापर्यंत. टेबलराव त्याला काही बोलत नसे. नुसतं त्याच्या हाताजवळचं झाकण अलगद उचलायचा. वाफ चेहऱ्यावर आली की माणूस सरकतो. भांडण नाही, तंटा नाही.

टेबलाच्या ह्या टोकाला ताटल्या आणि टेबलराव. त्या टोकाला गोड पदार्थ आणि साखरबाई.

साखरबाईचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते कुणी वापरत नाही. नवरा तरुणपणी गेला, ओव्हन राहिला. त्या ओव्हनवर तिनं संसार केला, एकटीचा का होईना. केक, पुडिंग, फळं घातलेलं कस्टर्ड. तिच्या कस्टर्डवर एक पातळ साय धरायची, आणि त्या सायीत खिडकीतलं ऊन पडलं की वाटायचं, कुणी तरी दुपारच वाटीत भरून ठेवलीय. बोलायला मोजकी, पण फटकळ. मला एकदा म्हणाली, "काकू, तुम्ही तिसऱ्यांदा घेताय. मी मोजत नाहीये, पण तुमचा डॉक्टर मोजेल."

आता ह्या दोघांची पंचाईत ऐका. बुफेला भरती-ओहोटी असते. पाहुणे आत आले की आधी सगळे ताटल्यांवर तुटून पडतात. तेव्हा टेबलरावाला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि साखरबाई मोकळी, वाट्या सरळ करत उभी. मग ती लाट हळूहळू सूप, पाव, बटाटे असं करत पुढं सरकते. ती साखरबाईपाशी पोचते तेव्हा टेबलराव मोकळा, आणि ती कोपरापर्यंत कस्टर्डात. तिची गर्दी ओसरते तोवर हा मागे मोरीत, उष्ट्या ताटल्यांच्या ढिगात. आणि हा बाहेर येतो तेव्हा तिचा टेम्पो भोंगा वाजवत असतो. एकाला वेळ असतो तेव्हा दुसऱ्याला नाही. सूर्य-चंद्रसुद्धा कधीतरी एकत्र दिसतात हो आभाळात.

पण आरसा होता. टेबलराव पाहुणे यायच्या आधी तो आरसा स्वतः पुसायचा. आरसा पुसणं हे मांडणीवाल्याचं काम नव्हे, झाडूवालीचं आहे. हे मी ताबडतोब टिपलं होतं. मधल्या माणसांच्या डोक्यांवरून, वाफेच्या वरून, त्या काचेत तो तिला बघायचा आणि ती त्याला. तिथं, काचेत, दोघं अगदी जवळ उभी असायची.

आणि निळी वाटी होती. हॉलच्या सगळ्या वाट्या पांढऱ्या, एकच निळी. कुठल्या तरी जुन्या संचातली, एकटी उरलेली. टेबलराव ती दर समारंभाला तिच्या टोकाला ठेवून यायचा, बाकीच्यांपासून जरा बाजूला. आणि सगळं आवरताना त्याला ती परत सापडायची, वर बशी झाकलेली, आत त्याच्यासाठी राखलेलं कस्टर्ड. वर्षानुवर्षं हेच. ना चिठ्ठी ना चपाटी. मी एकदा ती बशी उचलून आत डोकावले होते. सगळ्यात जास्त फळं त्या वाटीत होती. आम्हा पाहुण्यांना मात्र केळ्याचा एकेक काप!

तर अशी ही नाव वाऱ्याशिवाय तरंगत होती, आणि एक दिवस अक्कानं बातमी आणली.

अक्का म्हणजे टेबलरावाची थोरली बहीण. भावाकडेच राहते. जिभेला धार अशी, की भाजी चिरायला वेगळी सुरी लागू नये. मी तिच्याकडे मटार सोलायला बसले होते. म्हणजे मटार तिचे, मी नुसती बोलायला. टेबलराव कोपऱ्यात चादरींना इस्त्री करत होता.

"ऐकलंस का?" अक्का त्याच्याकडे न बघता म्हणाली. "साखरबाई चालली."

"कुठं?" इस्त्री चालूच.

"समुद्राकाठच्या गावाला. तिच्या बहिणीची बेकरी आहे ना तिथं. बहीण पडली, कंबर मोडून घेतली. आता बेकरी हिनंच बघायची. मोठ्या बाईंच्या निरोपाचं जेवण तेवढं करणार आणि मग कायमची जाणार."

इस्त्री थांबली. चादरीतून धूर यायला लागला तरी ती थांबलेलीच.

"अरे चादर!" अक्का ओरडली. "जाळतोस का घर? अरे, बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात. तुझे तर आता सडायला लागले!"

"कुठले आंबे?" टेबलराव.

"बघा काकू, बघा! ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. हा तर ताकालाच जात नाही!"

गेला मात्र. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो साखरबाईच्या घरी गेला. मला कसं कळलं ते विचारू नका, तिच्या शेजारणीची आणि माझी वीण जुनी आहे. तिनं दार उघडलं. हा दारात, स्वच्छ सदरा, भांग पाडलेला आणि दोन्ही हात रिकामे. हात आधी मागं नेले, मग पुढं आणले. मग म्हणाला, "कस्टर्ड... नेहमीएवढंच ना?"

"नेहमीएवढंच," ती म्हणाली.

"बरं," म्हणून हा आला परत.

शेजारीण सांगते, तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत साखरबाईनं दार लावलं नव्हतं.

आता राहिलं होतं फक्त मोठ्या बाईंचं जेवण. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा टेबलराव त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर होता. अजूनही त्या रस्त्यात दिसल्या की चांगली टक्कल पडलेली माणसं सायकलवरून खाली उतरतात. त्या निवृत्त होत होत्या आणि त्यांच्या सगळ्या पिढ्या मिळून त्यांना दुपारचं जेवण देणार होत्या.

त्या सकाळी टेबलराव माझा जिना चढून आला.

"काकू, टाचण्या आहेत? झालरीला कमी पडतायत."

"एवढ्या कशा कमी पडल्या? टेबल वाढलं का रे?"

टाचण्यांची डबी हातात आली आणि जीभ सुटली. "वाढलं नाही, वाकवलं! काकू, रात्रभर विचार केला. टेबल सरळ आहे म्हणून दोन टोकं लांब. वाकवलं तर? घोड्याच्या नालासारखं? सुरुवात आणि शेवट शेजारी येतात! इथं ताटल्या, आणि इथं, कोपरभर अंतरावर, गोड. मधे एक फुलदाणी ठेवतो. लोक ताटली घेऊन उजवीकडे जाणार, सगळं फिरून परत डावीकडून गोडापाशी येणार. पण मी तिथंच! ती पण तिथंच!"

"आणि बोलणार काय?"

त्यानं डबी मला परत दिली, मोजून घेतलेल्या टाचण्या खिशात टाकल्या, आणि हात रिकामे झाल्याबरोबर गप्प. मान खाली घालून जिना उतरला.

त्या दुपारी मी खांबाजवळ जाऊन बसले तेव्हा क्षणभर आपण चुकीच्या हॉलमध्ये आलो असं वाटलं. रोजचं ते सरळ पांढरं टेबल वळलं होतं. ऊन त्याच्या वळणावरून घरंगळत होतं. आरशात त्याचं दुसरं अर्धं होतं, आणि दोन्ही मिळून एक पांढरं तळं दिसत होतं, मधे निळसर सावली, काठाकाठानं वाफा. नालाच्या उघड्या बाजूला, ताटल्यांच्या ढिगापाशी टेबलराव. फुलदाणीच्या पलीकडे साखरबाई, कोऱ्या ॲप्रनमध्ये. दोघांनीही आरशाकडे बघितलं नाही. गरजच नव्हती. एकमेकांकडेही बघितलं नाही. सवय नव्हती.

मालक आले, अत्तराचा घमघमाट घेऊन. "हे काय केलंस रे टेबलाचं?"

"नवीन पद्धत," टेबलराव ताटल्या पुसत म्हणाला. "शहरात सगळीकडे हेच."

"शहरात" म्हटलं की मालकांचं समाधान होतं.

आणि निळी वाटी? ती त्यानं नेहमीसारखीच तिच्या टोकाला ठेवली होती. पण आज तिचं टोक कुठं होतं? ताटल्यांना चिकटून! वाटी बसली फुलदाणीच्या पायाशी, अगदी ताटली उचलणाऱ्याच्या नजरेसमोर, सगळ्या पांढऱ्यात एकटी निळी. आयुष्यभर टेबलं मांडणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये! पण डोळे दुसरीकडे असले की माणूस असाच फसतो.

दार उघडलं. मोठ्या बाई पुढं, मागं त्यांच्या पिढ्या. बाईंनी ताटली घेतली. टेबलरावानं हात करून उजवी बाजू दाखवली, "सूप इकडे, बाई." बाईंची नजर निळ्या वाटीवर पडली. त्या थांबल्या. सगळी शाळा त्यांच्या मागे थांबली.

ज्या बाईंनी जन्मभर पोरांच्या डब्यात डोकावून "आधी पोळी, मग गोड" म्हटलं, त्यांनी ती वाटी उचलली, डावीकडे वळल्या आणि साखरबाईपुढं धरली. "भर गं. आता मला कोण विचारणार आहे?"

साखरबाईचा डाव हवेत राहिला. तिनं टेबलरावाकडे बघितलं. टेबलरावाचा चेहरा चादरीसारखा. तिनं वाटी भरली.

बस्स. बाई डावीकडे गेल्या म्हणजे सगळे डावीकडे. आयुष्यात ज्यांनी बाईंची रांग मोडली नव्हती ते आज कशाला मोडतील? डॉक्टर, शिंपी, पोस्टमन, दोन बँकवाले, सगळे ओळीनं वाटी पुढं करून उभे. मालक धावत आले. "अहो, सूप! सूप आधी! इकडून, इकडून!" कुणी ऐकेना. सगळं जेवण उलट्या दिशेनं निघालं. आधी कस्टर्ड, मग केक, मग कोंबडी, मग भात, आणि सूपापाशी पोचेपर्यंत माणसं अशी तृप्त, की सूपाच्या भांड्याला नुसता नमस्कार करून पुढं जात होती. कोंबडीवर मात्र रिकाम्या ताटल्यांनी धाड घातली. आचारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला आणि म्हणाला, "माझं सूप माझ्या तोंडावर मारलं की हो."

मी खांबाला मान टेकली होती. डोळे अर्धे मिटलेले. मला फक्त चार हात दिसत होते. दोन हात ताटली देत होते, दोन हात वाटी भरत होते. ताटली, वाटी. ताटली, वाटी. एकाच लयीत, एकाच झोक्यावर बसल्यासारखे. कोपर कोपराला लागत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी गर्दी होती. आणि हे माझ्या तंद्रीतही मला कळलं, की जे एकाच वेळी सुरू झालंय ते एकाच वेळी संपणार.

संपलं. शेवटचा पाहुणा वळणाआड गेला. ताटल्यांचा ढीग संपलेला, कस्टर्डचं भांडं खरवडलेलं. सगळी गर्दी नालाच्या पलीकडच्या बाजूला, वाफेमागे गुणगुणत होती. इकडे उघड्या बाजूला दोघंच. टेम्पो यायला अवकाश होता. मोरीत अजून एकही ताटली पडली नव्हती. ऊन पायाशी येऊन बसलं होतं.

आणि टेबलरावाचे हात रिकामे!

मी खुर्चीतल्या खुर्चीत तडफडले. अरे काहीतरी धर, फडकं धर, फुलदाणी धर!

साखरबाईनं डाव खाली ठेवला. ॲप्रनला हात पुसले. "आज माझी वाटी गेली," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कशात ठेवू?"

टेबलरावाचे ओठ हलले. आवाज नाही.

"ठेवायला काही राहिलंही नाही म्हणा." तिनं ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले. मग गाठीवर हात तसाच ठेवून ती थांबली. वाट बघत होती की गाठ अडकली होती, देव जाणे. मला विचाराल तर अडकली नव्हती.

मग टेबलराव चालायला लागला. तिच्याकडे नाही, उलट दिशेनं! संपला कारभार, मी म्हटलं, पळाला मोरीत. पण तो टेबलाच्या काठाकाठानं, सूप, पाव, बटाटे असं सगळं वळण पार करत गेला आणि मोठ्या बाईंसमोर उभा राहिला. बाई निळी वाटी चमच्यानं निगुतीनं साफ करत होत्या.

"बाई... वाटी."

"संपवते आहे. घाई काय?"

तो उभाच. शाळेतल्यासारखा, हात बाजूला सरळ. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आजूबाजूच्या बोलणाऱ्यांनी बोलणं थांबवलं.

"इतक्या वाट्या आहेत. हीच का?"

"त्यांची..." पुढचं पुटपुटला.

"मोठ्यानं! मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. तू मागच्याच बाकावर होतास, तुला माहितेय."

आणि हे म्हणता म्हणता बाईंनी ती रिकामी वाटी त्याच्या हातात ठेवली.

वाटी हातात आली. त्याची बोटं तिच्या काठाभोवती मिटली. मी डोळे पूर्ण उघडले.

"ही वाटी मी त्यांच्यासाठी ठेवतो," टेबलराव म्हणाला. आवाज स्वच्छ. थेट दारापर्यंत. "दर वेळी. त्या तिच्यात माझ्यासाठी थोडं राखतात. टेबल सरळ होतं तेव्हा कधी बोलता आलं नाही, म्हणून आज वाकवलं. सूप वाया गेलं, ती माझी चूक. पण त्या आता चालल्या. मग मी ही वाटी ठेवायची कुणासाठी?"

झाकणाखाली काहीतरी खदखदत होतं तेवढाच आवाज. एरवी सगळा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा.

मोठ्या बाईंनी रुमालानं ओठ टिपले. "हा प्रश्न मला का विचारतोस? ज्यांचा आहे त्यांना विचार. आणि नीट विचार. प्रश्न छोटा असावा."

टेबलराव वळला. वाटी दोन्ही हातांत धरून सगळं टेबल परत फिरून आला. लोकांनी वाट करून दिली, ज्यानं जन्मभर त्यांच्या रांगा लावल्या त्याला. फुलदाणीपाशी थांबला.

"मी येऊ का?" त्यानं विचारलं.

साखरबाईनं त्याच्याकडे बघितलं. आरशातल्या तिनंही बघितलं. "तिथलं टेबल लहान आहे," ती म्हणाली.

"लहान मांडीन."

"माणसं कमी येतात. कधी कधी नुसता वाराच येतो."

"कमी ताटल्या ठेवीन."

"आणि अक्का?"

तेव्हा सूपाच्या भांड्यामागून आवाज आला. अख्ख्या हॉलमध्ये एकटी अक्काच सूप पीत होती, कुणी घेत नाही म्हणून हट्टानं. "अक्काला समुद्राची हवा मानवते!" ती म्हणाली. "अजून विचारलं कुणी नाही, पण मानवते."

हशा उसळला. टेबलरावाच्या हातातली वाटी साखरबाईनं काढून घेतली, बघितली, आणि परत त्याच्याच हातात दिली.

"आधी धुऊन आणा," ती म्हणाली. "उष्टी वाटी मी बरोबर घेत नाही."

तो मोरीकडे धावला तसं मी कुणाला धावताना पाहिलेलं नाही. ॲप्रनची गाठ तिनं मग एका झटक्यात सोडली.

मालकांचं म्हणाल, तर त्यांनी आठवडाभर तोंड फिरवलं. पुढं लोकच येऊन सांगायला लागले, "आमच्याकडे तसं उलटं टेबल करा ना." तेव्हा ते म्हणायला लागले की कल्पना त्यांचीच होती.

मागे मी त्या समुद्राकाठच्या गावाला जाऊन आले. बेकरी एवढीशी आहे. खिडकीजवळ एक गोल टेबल, मऊ, पुसट उजेडात. गोल, म्हणजे त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, कुठूनही घ्या. खारा वारा आत येतो, पडदा टेबलावरून हात फिरवल्यासारखा जातो. अक्का साखरबाईच्या बहिणीच्या कंबरेला तेल चोळत तिला शिस्त लावत होती. बहीण माझ्याकडे सोडवणूक मागितल्यासारखी बघत होती. टेबलराव कुठल्या वाटीचं तोंड कुठं करायचं ते बघत, गुणगुणत होता. साखरबाई त्याच्या शेजारी, कोपरभर अंतरावर. फार बोलत नव्हती दोघं. मला थोडी निराशाच झाली.

टेबलाच्या मधोमध निळी वाटी होती, वर बशी झाकलेली. मी सहज, अगदी सहज, हात पुढं केला.

"ती सोडून दुसरी घ्या, काकू," दोघं एकदमच म्हणाली.